लुक्ल्याची धावपट्टी आणि २०१७ चा अपघात : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या तयारीवरच्या लेखात एक ओझरता उल्लेख होता : २७ मे २०१७ रोजी काठमांडूहून माल घेऊन निघालेलं गोमा एअरचं लेट ४१० जातीचं विमान नेपाळमधल्या लुक्ल्याच्या डोंगरी विमानतळावर उतरताना फार खाली आलं, वर घ्यायच्या प्रयत्नात धावपट्टीच्या तोंडाशी कोसळलं आणि दोन्ही वैमानिक गेले. तेवढ्या दोन ओळींवर बरीच पत्रं आली, म्हणून या वेळचं सदर त्याच विषयाला दिलं आहे. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न (सातारा) : विमान खाली आलं होतं आणि वैमानिकांनी ते वर घ्यायचा प्रयत्न केला, असं तुम्ही लिहिलंत. मग ते पडलं कसं? नाक वर केलं की विमान वर जायला हवं ना?

आधी घटना सांगतो. ही मालाची खेप होती. प्रवासी नव्हते, तिघे कर्मचारी होते. वेळ दुपारी दोनच्या सुमाराची. मे अखेरीस लुक्ल्याला दुपारी उतरायचं म्हणजे ढगांशी गाठ पडायचीच. दूधकोशीच्या खोऱ्यातली तापलेली दमट हवा डोंगराला धरून वर सरकते, वर जाताना थंडावते आणि नेमकी धावपट्टीच्या आसपास तिचं धुकं होतं. हवा झपाट्याने बिघडत होती. अगदी शेवटच्या टप्प्यात विमान हवं त्यापेक्षा खाली होतं आणि त्याचा वेगही कमी होता. समोरच्या चढामुळे ते तातडीने वर घेण्याचा प्रयत्न झाला. चाकं खाली होती, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे खाली झुकणारे भाग) पूर्ण उघडलेले होते. विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांची उचल कोसळली, मग ते धावपट्टीच्या अलीकडे झाडाला धडकलं आणि खालच्या उतारावर आदळलं. कॅप्टन आणि सहवैमानिक दगावले. तिसरा कर्मचारी जखमी झाला, पण वाचला.

नेपाळच्या चौकशी आयोगाने कारण म्हणून हेच नोंदवलं : कमी वेग, उतरण्याच्या अवस्थेतलं विमान आणि त्यात एकदम नाक उचलल्याने वाढलेला हवेचा रोध, यातून झालेला स्टॉल. जोडीला बिकट डोंगराळ भाग, झपाट्याने बिघडलेली हवा, आपण नेमके कुठे आहोत याचं सुटलेलं भान आणि स्टॉलच्या इशाऱ्याला चुकीचा प्रतिसाद. इंजिनची पॉवर वेळेवर पूर्ण दिली गेली नाही, हेही त्यात आलं.

आता तुमचा मूळ प्रश्न. विमान वर जातं ते पंखांवरून हवा नीट वाहते तोपर्यंतच. नाक उचललं की पंख समोरून येणाऱ्या हवेशी जास्त कोन करतो, उचल वाढते आणि रोधही वाढतो. एका ठरावीक कोनापलीकडे हवा पंखाची वरची बाजू सोडते आणि उचल कोसळते. यालाच स्टॉल म्हणतात. इंजिन बंद पडण्याशी त्याचा काही संबंध नाही. बातम्यांत हा घोळ नेहमी होतो.

आकडे घेऊन पाहू. हे समजण्यापुरते आहेत, त्या दिवशीचे नव्हेत. उतरण्याच्या तयारीतल्या विमानाचा स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली स्टॉल होतो तो, ६२ नॉट धरा (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर). धावपट्टीकडे येताना वेग त्याच्या १.३ पट, म्हणजे सुमारे ८० नॉट ठेवायचा असतो. पण ६२ हा आकडा सरळ, स्थिर उड्डाणाचा आहे. विमानाचा मार्ग वरच्या दिशेने वळवताना पंखांना वजनापेक्षा जास्त भार पेलावा लागतो आणि स्टॉलचा वेग त्या भाराच्या वर्गमुळाच्या पटीत चढतो. त्यामुळे ८० नॉटवर पंख सुमारे १.७ पट भार पेलतात. वेग ७२ वर घसरला की ही मर्यादा १.३५ पटीवर येते. आठ नॉट गेले, पण हाताशी असलेली शिल्लक अर्ध्यावर आली.

लुक्ल्याची धावपट्टी जवळजवळ सात अंशांनी चढते. तीन अंशांनी खाली येणारं विमान या चढाला समांतर करायचं म्हणजे मार्गात दहा अंशांचा बदल. वेगाच्या काट्यावर ७२ नॉट म्हणजे तिथल्या विरळ हवेत प्रत्यक्षात सुमारे ८५ नॉट, सेकंदाला ४४ मीटर. दहा अंशांचा बदल तीन सेकंदांत केला तर पंखांवरचा भार १.२६ पट होतो आणि निभावतं. दोन सेकंदांत केला तर १.३९ पट. म्हणजे मर्यादा ओलांडली. एका सेकंदाचा फरक, बस. आणि धुक्यातून चढ अचानक समोर आला तर कुठल्याही माणसाचा हात दोन सेकंदांतच खेचणार.

यात पूर्ण फ्लॅपची भर पडते. लेट ४१० चे फ्लॅप पूर्ण उघडले की ४२ अंशांवर येतात. ते हळू उडायला मदत करतात, पण रोध इतका वाढवतात की वेग टिकवायला भरपूर पॉवर लागते. नाक उचलताना पॉवर आधी किंवा निदान बरोबरीने गेली पाहिजे. टर्बोप्रॉप इंजिन (टर्बाइनवर पंखा फिरवणारं) लिव्हर पुढे ढकलल्याबरोबर पूर्ण जोर देत नाही. जोर चढायला क्षण जातात. शिवाय अशा विमानात पंख्याने मागे फेकलेली हवा पंखाच्या काही भागावरून जाते, त्यामुळे पॉवर दिली की नुसता वेगच नाही, उचलही वाढते. पॉवर न देता नाक उचलणं म्हणजे दोन्हीकडून तोटा.

स्टॉल झाल्यावर सुटका एकाच मार्गाने होते : नाक खाली आणि पॉवर पूर्ण. त्याला उंची लागते. धावपट्टीच्या तोंडाशी ती नसते. म्हणून आमच्या मते या अपघाताचं उत्तर शेवटच्या दोन सेकंदांत शोधण्यात अर्थ नाही. खोऱ्यात अजून वळायला जागा होती तेव्हा पुढे जायचं ठरलं, खरा प्रश्न तिथला आहे.

प्रश्न (नाशिक, वसई) : मुंबईत पावसात विमान उतरता उतरता पुन्हा वर घेतात, चक्कर मारून येतात. लुक्ल्याला तसं का करत नाहीत?

कारण तिथे पुढे आकाश नाही, डोंगर आहे. धावपट्टीचं खालचं टोक दरीवर उघडतं, वरच्या टोकाशी दगडी भिंत आणि मागे सरळ उठलेली डोंगराची बाजू. त्यामुळे विमानं दरीकडून येऊन चढाच्या दिशेने उतरतात आणि उताराच्या दिशेने दरीकडे उडतात. येण्याची दिशा ०६ (होकायंत्रावर ६० अंश), जाण्याची २४ (२४० अंश). वारा कुठूनही असो, यात बदल नाही.

वर घेता येत नाही, मग वळता येईल का? ९५ नॉट प्रत्यक्ष वेगाने ३० अंश कलून वळलं तर वळणाची त्रिज्या सुमारे ४२५ मीटर. पूर्ण उलट फिरायला आडवी जागा लागते साधारण ८५० मीटर, तीही वारा नसताना आणि उंची न गमावता. खोरं रुंद आहे तिथे हे जमतं. धावपट्टीच्या जवळ जसजसं जावं तसतशी ही जागा संपत जाते. जिथून वळणं शक्य नाही त्या जागेला वैमानिक परतीचा शेवटचा बिंदू मानतात. विमान, वजन आणि वारा यांवर तो थोडा मागेपुढे होतो, पण असतो नक्की. त्याच्या अलीकडे सगळं जुळलेलं हवं : धावपट्टी पूर्ण दिसतेय, वेग स्थिर आहे, चाकं-फ्लॅप ठरल्या जागी आहेत, टॉवरने सांगितलेला वारा मर्यादेत आहे. यातलं एक जरी नसेल तर तिथूनच मागे फिरायचं. त्यापुढे गेलात म्हणजे उतरण्याचं ठरलं.

धुक्याची गंमत अशी की ते भिंतीसारखं एकजिनसी नसतं. फट पडते, धावपट्टी लख्ख दिसते, माणूस निश्चिंत होतो, आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात फट बुजते. टॉवरवाला जे सांगतो ते त्याच्या खिडकीतून दिसणारं. विमानाच्या मार्गावर, शंभर-दीडशे मीटर खाली, काय सरकत वर येतंय हे त्याला दिसेलच असं नाही. ८ ऑक्टोबर २००८ रोजी यती एअरलाइन्सचं ट्विन ऑटर हे छोटं विमान असंच शेवटच्या टप्प्यात धुक्यात सापडलं, कुंपणात अडकून कोसळलं आणि १८ जण गेले. एकटा कॅप्टन वाचला.

मालाच्या खेपेत आणखी एक हिशेब असतो. मागे फिरायचं तर तेवढं इंधन बरोबर हवं, आणि जितकं इंधन जास्त तितका माल कमी. परत येणं म्हणजे माल न पोचता खर्च झाला. हा दबाव कागदावर कुठे दिसत नाही, पण असतो.

प्रश्न (डोंबिवली) : ५२७ मीटरमध्ये विमान थांबतं हे पटत नाही. गणित करून दाखवाल का?

जरूर. लुक्ल्याची उंची २,८४५ मीटर, धावपट्टी ५२७ मीटर लांब, ३० मीटर रुंद, चढ ११.७ टक्के. म्हणजे खालच्या टोकापासून वरचं टोक जवळजवळ ६० मीटर उंच, वीसेक मजल्यांइतकं.

आधी हवा. या उंचीवर १५ अंश तापमानाला हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के राहते. वेगाचा काटा हवेच्या दाबावर चालतो, त्यामुळे तो ७० नॉट दाखवतो तेव्हा प्रत्यक्ष वेग सुमारे ८३ नॉट, सेकंदाला ४३ मीटर असतो. पंखांना फरक जाणवत नाही, पण ब्रेकना जाणवतो. मुरवायची गतिज ऊर्जा समुद्रकिनाऱ्यावरच्या विमानतळापेक्षा ४० टक्के जास्त.

ब्रेक आणि उलट फिरवलेल्या पंख्यांनी मिळून सेकंदाला ३ मीटर प्रति सेकंद इतका वेग कमी होतो असं धरू. सपाटीवर थांबायला सुमारे ३०५ मीटर लागतील. लुक्ल्याचा चढ स्वतःच आणखी १.१४ ची भर घालतो, म्हणून अंतर २२० मीटरवर येतं. उलट, कुणी उताराच्या दिशेने उतरायचा वेडेपणा केलाच तर हेच १.१४ वजा होतात आणि अंतर जातं ४९० मीटरवर. धावपट्टी ५२७ ची. चढ हा तिथला मोठा मदतनीस आहे.

मग बिघडतं कुठे? धावपट्टी ओली असेल आणि ब्रेकचा जोर निम्मा झाला, तर २२० चे ३४५ होतात. पाठीमागून १० नॉट वारा असेल, तर २७५. दोन्ही एकत्र आले आणि विमान तोंडापासून शंभर मीटर पुढे टेकलं, तर भिंत जवळ येते. १२ ऑक्टोबर २०१० रोजी सीता एअरचं डॉर्निअर विमान असंच वरच्या भिंतीवर जाऊन आदळलं होतं. जीवितहानी झाली नाही.

पाठीमागचा वारा लुक्ल्याला काही अपवाद नाही. दिवस चढला की खोऱ्यातून वर वाहणारा वारा उतरणाऱ्या विमानाच्या पाठीशी येतो. म्हणूनच तिथली विमानं पहाटेपासून दुपारच्या आत आटोपतात. दोन वाजताची खेप, धुकं नसतं तरी, चांगल्या वेळेची नव्हतीच.

प्रश्न (अमरावती) : कॉकपिटमधली माणसं नवखी नसणार. मग विमान ठरल्यापेक्षा खाली येतंय हे त्यांना कसं कळत नाही?

डोळा फसतो म्हणून. वैमानिक धावपट्टीकडे बघून स्वतःची उंची ओळखतो ती तिच्या आकारावरून : खूप लांबट, उभी दिसली तर आपण उंच आहोत, चपटी दिसली तर खाली. ही सवय सपाट धावपट्ट्यांवर लागलेली असते. चढाची धावपट्टी मुळातच उभी दिसते. योग्य उंचीवर असतानाही ‘आपण फार वर आहोत’ असं वाटतं आणि हात आपोआप विमान खाली नेतो. लुक्ल्याला हा भास मोठा असतो, कारण तीन अंशांचा मार्ग आणि सात अंशांचा चढ मिळून डोळ्याला दहा अंश दिसतात.

यावर इलाज म्हणजे सराव आणि ठरलेले टप्पे : अमुक खुणेवर अमुक उंची, अमुक वेग, आणि डोळा काहीही सांगो, काट्याशी ताडून पाहायचं. लुक्ल्याला उतरणाऱ्या कॅप्टनसाठी नेपाळच्या नियमांत किमान शंभर लघुधावपट्टी उड्डाणं, नेपाळमधला असा एक वर्षाचा अनुभव आणि प्रशिक्षकासोबत लुक्ल्याच्या दहा फेऱ्या अशा अटी आहेत. अटी कडक आहेत. पण धुक्यात धावपट्टीची एक कड तेवढी दिसत असेल तर आकार ओळखायचा तरी कशावरून? तिथे अनुभवाचा उपयोग मागे फिरण्यासाठीच.

प्रश्न (लातूर) : मोठ्या विमानतळांसारखी रेडिओ किरणांवर उतरवणारी यंत्रणा तिथे का बसवत नाहीत?

बसवून उपयोग नाही म्हणून. अशी यंत्रणा विमानाला ढगातून खाली आणते ती एका ठरावीक उंचीपर्यंत. तिथे धावपट्टी दिसली नाही तर विमान सुरक्षितपणे वर जाऊ शकलं पाहिजे, ही तिची मूळ अट. लुक्ल्याला वर जाण्याची वाटच नाही, हे वर आलंच. उपग्रहावर आधारलेल्या यंत्रणेलाही हीच अट लागू. त्याऐवजी खोऱ्यात खालच्या बाजूला कॅमेरे आणि वारा-दृश्यमानता मोजणारी स्वयंचलित उपकरणं ठेवून ती माहिती काठमांडूहून निघण्याआधी वैमानिकाच्या हातात देणं जास्त कामाचं. निघायचंच नाही हा निर्णय जमिनीवर सगळ्यात सोपा असतो.

प्रश्न (भिवंडी, वाहतूक व्यवसाय) : माल कसा भरला यावर काही अवलंबून असतं का? ट्रकमध्ये आम्ही मागच्या चाकांवर वजन घेतो. विमानात काय नियम?

तुमचा प्रश्न अगदी नेमका आहे. २०१७ च्या अपघाताचं कारण मालाच्या भरणीत नव्हतं, हे आधी स्पष्ट करतो. पण मालाच्या उड्डाणात भरणी हे अर्धं काम असतं.

लेट ४१० हे मुळात १९ आसनांचं विमान, उड्डाणाचं कमाल वजन ६,६०० किलो. माल न्यायचा तर आसनं काढतात आणि जमिनीतल्या पट्ट्यांत कड्या अडकवून जाळ्या आणि पट्टे ओढतात. इथे तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, वजन. तांदळाच्या पन्नास किलोच्या वीस पोत्यांचं वजन हजार किलो ‘धरायचं’ नसतं, काट्यावर घ्यायचं असतं. ओलं झालेलं पोतं, जाड लाकडी खोकी, दोरखंड यांतून शे-दीडशे किलो सहज वाढतात. सपाटीवर ते खपून जातात. लुक्ल्याला इंजिनांचा जोरही उंचीमुळे घटलेला असतो, तिथे त्यांचा जाब द्यावा लागतो.

दुसरी, वजनाचा मध्य. ट्रकमध्ये वजन मागे घेतलेलं चालतं, विमानात मध्य ठरलेल्या काही सेंटिमीटरांच्या पट्ट्यातच हवा. वजन मागे गेलं तर नाक उचलायला फारच हलकं होतं. थोडं खेचलं तरी जास्त उचललं जातं आणि स्टॉलमधून नाक खाली आणणं अवघड होतं. वजन पुढे गेलं तर उलट : स्टॉलचा वेग थोडा वाढतो आणि टेकण्याआधी नाक उचलायला शेपटीचा जोर अपुरा पडतो. जिथे टेकताना मार्ग दहा अंशांनी वळवायचा आहे, तिथे दोन्ही टोकं वाईटच. भरण्याचा क्रमही पाळावा लागतो. जड माल पंखाजवळ आधी ठेवायचा. मागच्या दारातून आधीच सगळं रचलं तर उभं विमान शेपटीवर बसू शकतं.

तिसरी, बांधणी. मालाच्या पुढे माणसं बसलेली असतील, तर पुढच्या दिशेला साधारण ९ जी (वजनाच्या नऊपट) इतका धक्का धरून बांधणीचा हिशेब करतात. म्हणजे १०० किलोचं खोकं अपघातात ९०० किलोच्या जोराने पुढे येतं आणि पट्ट्याने ते पेललं पाहिजे. पट्ट्याची ताकद त्याच्या सगळ्यात कमकुवत कडीइतकीच. पट्टा आडवा टाकला तर तो खोकं वर उडू देत नाही, पण पुढे सरकण्यापासून फारसा रोखत नाही. त्यासाठी पुढच्या बाजूने तिरपे पट्टे किंवा जाळीच हवी. पोती हा यातला फसवा माल : उड्डाणात हादऱ्यांनी दाबली जातात आणि घट्ट बांधलेली जाळी सैल पडते. डबे आणि पोती एकाच जाळीत घालू नयेत, त्याचं कारण हे.

एक अवांतर. लुक्ल्याला गाडीरस्ता पोचलेला नसल्याने वरच्या गावांचा बराचसा माल विमानाने येतो आणि पुढे भारवाहक, खेचरं, याक वाहून नेतात. बेस कॅम्पच्या वाटेवरच्या नामचे गावात चहाचा कप महाग का, याचं उत्तर यात आहे.

प्रश्न (ठाणे) : लुक्ल्याचे सगळे अपघात धुक्यातलेच आहेत का?

नाही. २५ मे २००४ रोजी लुक्ल्याकडे निघालेलं मालवाहू ट्विन ऑटर वाटेत लामजुराच्या डोंगराला धडकलं, तिघे गेले. १४ एप्रिल २०१९ रोजी लेट ४१० उड्डाणाच्या धावेतच उजवीकडे भरकटलं आणि शेजारी उभ्या हेलिकॉप्टरवर गेलं. त्यातही तिघांचा जीव गेला. त्या वेळी प्रश्न हवेचा नव्हता, जागेचा होता : धावपट्टीच्या कडेला हेलिकॉप्टरं इतकी जवळ उभी असतील तर विमानाला भरकटायची मुभाच उरत नाही.

प्रश्न (पुणे, चिंचवड, इचलकरंजी) : यंदा ऑक्टोबरमध्ये बेस कॅम्पला जातोय. घरचे घाबरले आहेत. विमान टाळता येईल का? नाहीतर काय काळजी घ्यावी?

टाळता येतं. जीपने सल्लेरी-फाप्लूपर्यंत जाऊन तिथून तीन-चार दिवस चालत लुक्ल्याच्या वरच्या वाटेला लागता येतं. जिरीपासून चालणं हा जुना मार्ग, त्याला आठवडा धरा. दिवस असतील तर ही वाट खरंच घ्यावी. शरीर उंचीला सरावतं ते वेगळंच. मात्र डोंगरातला जीपचा रस्ता म्हणजे धोका शून्य, असं समजू नका.

विमानानेच जायचं असेल तर वेळेचं नियोजन तेवढं तुमच्या हातात आहे. गर्दीच्या हंगामात लुक्ल्याची विमानं बहुधा काठमांडूऐवजी रामेछापच्या मंथली विमानतळावरून सुटतात. काठमांडूहून तिथे गाडीने चार-पाच तास लागतात, म्हणून रात्री एक-दोनला निघावं लागतं. मंथलीहून उड्डाण वीस मिनिटांच्या आतबाहेरचं. तिकीट सकाळच्या पहिल्या फेऱ्यांचं मागा. सामान सहसा दहा किलो आणि हातातलं पाच, एवढ्यातच बसवा.

परतीच्या बाजूला किमान दोन दिवस मोकळे ठेवा. लुक्ल्याहून येण्याच्या दुसऱ्याच दिवशी काठमांडू-मुंबईचं तिकीट काढणारे दर हंगामात दिसतात. मग एका सकाळी उड्डाण रद्द झालं की हीच मंडळी विमान कंपनीच्या खिडकीशी आवाज चढवतात. खोळंबा भरून देणारा विमा घ्या, तो स्वस्त पडतो.

हेलिकॉप्टर जास्त सुरक्षित का, असंही दोघांनी विचारलंय. त्याला धावपट्टी लागत नाही आणि वळायला जागा कमी लागते, हे खरं. पण धुक्यात डोंगर त्यालाही दिसत नाही. विमानं बंद आहेत म्हणून हेलिकॉप्टरने निघू, हा विचार करू नका. ज्या हवेमुळे विमान थांबलं तीच हवा बाहेर आहे.

घरच्यांना एक माहिती मात्र खरी सांगा : युरोपीय संघाने डिसेंबर २०१३ पासून नेपाळच्या सगळ्या विमान कंपन्यांना आपल्या आकाशात बंदी घातली होती. तिचा रोख तिथल्या सुरक्षा-देखरेखीवर होता.

प्रश्न (पुणे) : आपल्याकडे अशी धावपट्टी आहे का?

चढाच्या बाबतीत लुक्ल्याची बरोबरी करणारी नाही. उंचीच्या बाबतीत लडाखमधली दौलत बेग ओल्डी कितीतरी पुढे आहे : १६,६१४ फूट. हवाई दलाने ३१ मे २००८ रोजी तिथे ए एन-३२ हे मालवाहू विमान उतरवून ४३ वर्षांनी ती पुन्हा वापरात आणली आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी सी-१३०जे हे बरंच मोठं मालवाहू विमान उतरवलं. तिथली अडचण विरळ हवेची आणि त्यामुळे लांबणाऱ्या धावेची. लुक्ल्याशी जास्त जवळचं नातं अरुणाचलातल्या मेचुकाचं आहे : अरुंद खोरं, भरवशाची नसलेली हवा, आणि गावाचा बाहेरच्या जगाशी संबंध बराच काळ विमानावरच अवलंबून. मेचुकाहून निघालेलं हवाई दलाचं ए एन-३२ जून २००९ मध्ये कोसळलं, त्यात १३ जण गेले.

प्रश्न (कोल्हापूर) : स्टोव्हचा गॅसचा डबा आणि पॉवर बँक विमानात चालते का?

गॅसचा डबा नाही, भरलेला असो वा अर्धा. लुक्ला किंवा नामचेला घ्या, स्टोव्हला कुठल्या आट्यांचा डबा बसतो ते आधी बघून ठेवा. पॉवर बँक हातातल्या पिशवीत, मोठ्या सामानात नाही. रॉकेलवरचा जुना स्टोव्ह नेणार असाल तर टाकी रिकामी करून, धुऊन, वाळवून, झाकण उघडं ठेवून न्या. वास आला तरी तो उतरवून ठेवतात.